टोकन देण्याआधी डक्टमध्ये डोकावा

फ्लॅट घ्यायला निघालेला माणूस कागदांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर असतो. प्रॉपर्टी कार्ड, टायटल सर्च, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची थकबाकी असं सगळं वकिलाच्या नजरेखालून जातं. मग वास्तूवाले येतात आणि ओटा आग्नेयेला आहे का ते बघतात. पाणी किती वेळ येतं, पार्किंग कुणाच्या नावावर आहे, वरच्यांच्या बाथरूममधून गळतं का, हेही विचारून होतं. उंदरांचं मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच, तर दलालाचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘साहेब, मुंबईत उंदीर कुठं नाहीत?’’ शेजारी उभा असलेला विक्रेता लगेच मान डोलावतो. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ती अशी.

दलालाचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुंबईत उंदीर सगळीकडे आहेत, पण सगळ्या घरांत नाहीत. एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन फ्लॅटांपैकी एकात रोज रात्री खुडबुड आणि दुसऱ्यात वर्षानुवर्षं काहीच नाही, हे कुठल्याही सोसायटीत बघायला मिळतं. शेजारीपाजारी याचा निष्कर्ष स्वच्छतेवर काढतात, आणि ज्यांच्याकडे उंदीर आहेत ते लाजेनं गप्प बसतात. सिंक घासून घासून बाई दमते. खरा फरक बहुतेक वेळा सिंकखालच्या पाइपाभोवती गवंड्यानं तशीच सोडलेली बोटभर फट हा असतो. उंदीर हा आधी बांधकामाचा प्रश्न आहे, मग कचऱ्याचा, आणि त्यानंतर कुठे विषाचा नि पिंजऱ्याचा. आपण नेमके उलट्या टोकानं सुरू करतो, आणि हे आजचं नाही. मुंबईनं सव्वाशे वर्षांपूर्वी या चुकीची जबर किंमत मोजलेली आहे.

त्याआधी आलेला पाहुणा कोण ते ओळखायला हवं. ‘उंदीर’ या एका नावाखाली आपण निदान चार निरनिराळे प्राणी धरतो. सगळ्यांत लहान तो घरातला चिमुकला उंदीर. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून तो आत शिरतो. धान्यातल्या ओलाव्यावर त्याचं भागतं, पाण्यासाठी बाहेर पडायची त्याला फारशी गरज नसते, म्हणून तो कपाटातच संसार थाटतो. दुसरा काळा उंदीर. अंगापेक्षा लांब शेपटी, मोठे कान आणि चढण्यात पटाईत. कौलांखालचे वासे, चाळीचे माळे, ड्रेनेजचे पाइप ही त्याची जागा. तिसरा गटारातला तपकिरी उंदीर: अंगानं जाड, शेपटीनं आखूड आणि पोहण्यात तरबेज. चौथी घूस. ती चढण्यापेक्षा खणते. इमारतीच्या जोत्याखाली, फुटपाथखाली, गोदामांच्या जमिनीत तिची बिळं असतात. आवारातले पेव्हर ब्लॉक मधेच खचलेले दिसले तर पावसाला दोष देण्याआधी कडेला उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग शोधावा.

रात्री भिंतीच्या कडेकडेनं चिकचिक करत जाणारी चिचुंद्री यांच्यातली नव्हेच. तिचं नाक टोकदार, डोळे बारीक आणि अंगाला उग्र वास. ती कुरतडणाऱ्यांच्या कुळातली नाही, ती झुरळं आणि किडे खाते. लोक तिला उंदराचं पिल्लू समजून झाडूनं मारतात. मारू नये. दार उघडं ठेवलं की ती आपणहून जाते.

उरलेल्या चौघांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून लाकूड, प्लॅस्टिक, वायरचं आवरण, काहीही ते कुरतडत राहतात. वायर ही त्यांच्या खाण्याची वस्तू नव्हे, पण शॉर्टसर्किट व्हायचं ते होतंच. चिमुकल्या उंदराची मादी गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत विते, एका वेतात पाच-सहा पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की त्यांची वीण सुरू. म्हणजे गणपतीत एक जोडी दिसली आणि ‘बघू’ म्हणून सोडली, तर दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर कुटुंबच सापडतं.

✳

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एका रुग्णाला तपासून डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची पेठ. खाली गोदाम, वर दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं. प्लेगचा जंतू त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९४ मध्ये, अलेक्झांडर यर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण तो माणसापर्यंत कसा येतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. उंदराच्या अंगावरची पिसू तो आणते हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि तेही शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला बरीच वर्षं गेली.

मधल्या काळात सरकार अंधारात काठ्या चालवत होतं. रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून येतो या समजुतीनं गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी सोडलं गेलं. भिंतींना चुना फासला. उजेड यावा म्हणून घरांची कौलं उतरवली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली. मानवी वस्तीला नालायक, असा त्याचा अर्थ. गटारातला उंदीर गटारात राहणं अशक्य झालं तर कुठं जाईल, हा प्रश्न आज शेंबडं पोरही विचारेल. तेव्हा तो विचारायला लागणारी माहितीच नव्हती. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या. पुण्यात त्या झडत्यांनी लोक इतके पेटले की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात प्लेगनं एक कोटीहून जास्त माणसं नेली.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट आपल्या गावकऱ्यांनी सरकारच्या आधी ओळखली होती. ‘उंदीर पडला’ की घर सोडायचं. वळचणीखाली किंवा धान्याच्या कणगीपाशी मेलेला उंदीर दिसला की चूल, भांडी, पोरंबाळं घेऊन लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरेपर्यंत परत फिरकत नसत. पिसू हे कारण त्यांना कळलेलं नव्हतं, पण हिशेब बिनचूक होता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेलं शरीर सोडून दुसरं गरम शरीर शोधतात, आणि घरात सगळ्यांत जवळचं गरम शरीर माणसाचं. लाखो लोकांनी मुंबई सोडली तीही याच सुमारास. घर आणि उंदीर यांचा एवढा थेट संबंध आपल्या पणजोबांना माहीत होता, आणि आज आपण शोपीसच्या कपाटामागे मेलेला उंदीर सापडला की रूम फ्रेशनर मारतो.

मुंबई पुढं बदलली ती प्लेगमुळे. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यातून उभी राहिली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दाटीच्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, बीआयटी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याची आखणी केली. आज हिंदू कॉलनीत फ्लॅट बघायला जाणाऱ्याला दलाल ‘शांत, झाडांचा एरिया’ म्हणून जो भाव सांगतो, त्या शांततेचा आणि झाडांचा उगम प्लेगमध्ये आहे. ट्रस्टनं जितक्यांना बेघर केलं तितक्यांना घरं दिली नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खराही होता. पण दोन इमारतींमध्ये हवा खेळली पाहिजे, हे बांधकामाच्या नियमांत शिरलं ते या धक्क्यानंतर.

जुन्या मुंबईत दोन चाळींमध्ये एक अरुंद बोळ असायचा, मैला वाहून नेणाऱ्या कामगारांसाठी ठेवलेला. त्याला घरगल्ली म्हणत, अजूनही म्हणतात. मैला उचलण्याची पद्धत गेली आणि सांडपाण्याचे पाइप त्या बोळात आले. वरच्या मजल्यांवरून भाजीची देठं, अंड्याची टरफलं, पिशव्यांत बांधलेलं काहीही खाली पडत राहिलं. अन्न, पाणी, अंधार आणि वर चढायला पाइप, एवढं सगळं एके ठिकाणी असलेली जागा उंदरांना शोधावी लागत नाही.

टॉवर आले तेव्हा आपण घरगल्लीतून सुटलो असं वाटलं होतं. ती इमारतीच्या पोटात आली आणि तिचं नाव डक्ट झालं. बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या मागे पहिल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत जाणारी ती उभी पोकळी बघा. पाइप भिंतीपासून इंच-दोन इंच सुटे बसवलेले असतात. काळा उंदीर पाठ भिंतीला आणि पाय पाइपाला लावून त्या जागेतून सरळ वर जातो. अकराव्या मजल्यावर उंदीर आलाच कसा, या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. लिफ्टमधून आला असेल, असा विनोद सोसायटीच्या ग्रुपवर हमखास होतो.

✳

उंदीर मारण्याच्या बाबतीत मुंबई महापालिकेइतका अनुभव देशात क्वचितच कुणाला असेल. पालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे बिळांत विषारी गोळ्या टाकणारी, पिंजरे लावणारी माणसं आहेत आणि रात्रपाळीचे मूषक संहारकही आहेत. बाजार बंद झाले की हातात काठी आणि विजेरी घेऊन ते निघतात. डोळ्यांवर उजेड पडला की उंदीर क्षणभर थिजतो, तेवढ्यात काठी बसली पाहिजे. एका रात्रीत तीस उंदीर हे माणशी उद्दिष्ट. सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यायचे. त्यांतले काही प्लेगच्या तपासणीसाठी जातात. मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत पावसात हे काम करणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं आहे ते या लोकांची चेष्टा करत नाहीत. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका सगळ्यांत आधी त्यांनाच असतो.

तरीही मोजणीच्या भरवशावर उंदीर आटोक्यात येत नाहीत. दरवर्षी मारलेल्यांचा आकडा जाहीर होतो, आपण तो वाचतो, आणि जागा रिकामी झाली की उरलेले उंदीर पुन्हा वीण करून ती भरतात. अन्न तेवढंच असेल तर संख्याही फिरून तेवढीच होते. आकड्यांचा हा खेळ हास्यास्पद टोकाला गेला तो मार्च २०१८ मध्ये. मंत्रालयातल्या उंदीर निर्मूलनाच्या कंत्राटात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचं दाखवलं आहे, असं एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं. हा आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे, असा खुलासा सरकारकडून आला. गोळ्यांचा धरला तरी मंत्रालयात एवढ्या गोळ्या खाणारे कोण होते, हा प्रश्न राहिलाच.

संख्या अन्नावर ठरते, माराव्या लागणाऱ्या आकड्यावर नाही, हे दाखवणारी दोन उदाहरणं आहेत, दोन्ही १९९४ ची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पडलेल्या आणि तडकलेल्या घरांत धान्य तसंच राहिलं, लोक भीतीनं बाहेर राहिले, आणि मराठवाड्याच्या त्या पट्ट्यात उंदीर माजले, अशी कारणमीमांसा तेव्हा जाणकारांनी केली. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. त्याआधी गावात उंदीर मरून पडत होते. पणजोबांच्या पिढीनं लगेच झोपड्या बांधल्या असत्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला आणि लाखो लोक गाड्या भरभरून पळाले. त्यांत लिंबायत, उधन्याला राहणारे आपले खानदेशी कामगारही होते, आणि भुसावळ-नंदुरबारच्या स्टेशनांवर त्यांच्याकडे लोक संशयानं बघत होते.

सुरतेनं नंतर काय केलं ते महत्त्वाचं. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी कचरा रोजच्या रोज उचलायला लावला, खानावळी-हॉटेलांना शिस्त लावली, वस्त्यांत गटारं आणि फरशा केल्या, अधिकाऱ्यांना सकाळी ऑफिसात न बसता रस्त्यावर पाठवलं. दोनेक वर्षांत देशातल्या अत्यंत घाणेरड्या शहरांत मोजली जाणारी सुरत स्वच्छ शहरांच्या यादीत वर आली. किती उंदीर मारले हे त्या कामाचं मोजमाप नव्हतं.

✳

आता तुमच्या फ्लॅटकडे येऊ.

घर बघायला दुपारी बोलावतात, कारण उजेड छान असतो. एकदा तसं जाऊन या आणि मग दुसऱ्यांदा रात्री नऊनंतर जा. वॉचमनशी दोन शब्द बोला. ‘इथं उंदीर आहेत का’ असं विचारू नका, तो सेक्रेटरीला घाबरतो. ‘गाड्यांच्या वायरी कुरतडतात का हो काका?’ असं विचारा. पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उंदीर हाकलणारे मालक त्यानं रोज पाहिलेले असतात, तो सगळं सांगेल. तळमजल्यावर काय आहे ते बघा. किराणा, बेकरी, हॉटेल, धान्याचं दुकान असेल आणि तुमचा फ्लॅट पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असेल, तर भाव करताना हे धरा. खिडकीला टेकणारी झाडाची फांदी बघा. आणि इंटरनेटच्या केबली बघा. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबणारी प्रत्येक केबल हा काळ्या उंदराचा पूल आहे, आणि ती आत घेण्यासाठी पोऱ्यानं खिडकीच्या चौकटीत पाडलेलं भोक कुणीही बुजवत नाही.

घरात शिरल्यावर हॉलकडे पाहू नका, तो सजवलेलाच असतो. थेट स्वयंपाकघरात जा आणि सिंकखालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढायला सांगा. विक्रेता म्हणेल, ‘‘अहो, ती जाम आहे.’’ तरी काढायला लावा. मॉड्युलर किचन ही उंदरांसाठी केलेली सोय आहे, हे माझं मत झालं आहे; चकचकीत दारांमागे भिंत आणि ट्रॉली यांच्यात हातभर अंधारी जागा, आणि तिथं पाणी. लेंडी दिसली तर तिचा आकार पाहा. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक असेल तर चिमुकला उंदीर, सेंटिमीटरभर किंवा अधिक लांब असेल तर मोठा. काळी, मऊ, चकाकणारी लेंडी ताजी असते. करडी आणि बोटानं चुरडणारी असेल तर जुनी. बोटानं बघू नका, काडीनं बघा. भिंतीच्या कडेला आणि पाइपालगत तेलकट काळपट पट्टा दिसतो का? उंदीर रोज एकाच वाटेनं जातो आणि त्याच्या अंगाचं तेल भिंतीला लागत राहतं. नव्या रंगानं हा पट्टा झाकला जातो, म्हणून फक्त स्वयंपाकघराला नुकताच रंग दिलेला असेल आणि कपाटांत डांबराच्या गोळ्या सढळ हातानं पसरलेल्या असतील, तर मनात नोंद करा. दारांच्या खालच्या कडा, बाथरूमच्या नहाणी ट्रॅपवरची जाळी, एसीचा पाइप बाहेर जातो ते भोक, चिमणीचा पाइप, एक्झॉस्ट फॅनची खिडकी, एवढं बघायला फार वेळ लागत नाही.

मग बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये टॉर्च मारा. तळाशी कचरा असेल तर ती सोसायटी कशी चालते, हे तुम्हाला ताळेबंदापेक्षा जास्त कळेल.

न्यू जर्सीतले आपले लोक घर घेताना होम इन्स्पेक्टरला पैसे देऊन बोलावतात, तो माळ्यापासून तळघरापर्यंत चढून-उतरून पानंच्या पानं अहवाल देतो. कीड-उंदरांची तपासणी बऱ्याचदा त्यातही वेगळी सांगावी लागते, आणि लाकडी सांगाड्याच्या घरांत थंडी पडायला लागली की उंदीर आत येतातच. पण निदान बघायचं असतं, हा रिवाज तिथं आहे. आपल्याकडे एवढ्या पैशांच्या खरेदीत घराच्या शरीराकडे बघणारा माणूस कुणी नेमत नाही. खरेदीखतात मालमत्ता ‘आहे त्या स्थितीत’ घेतल्याचं एक वाक्य असतं, आणि त्या स्थितीत उंदीरही येतात.

नवीन फ्लॅट असेल तर कायदा थोडा तुमच्या बाजूला आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेतला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पाइपाभोवती न बुजवलेलं भोक हा कारागिरीचा दोष नाही तर काय? फोटो काढा, ‘उंदीर येतात’ असं न लिहिता ‘पाइपाभोवतीची फट बंद केलेली नाही’ असं लिहा आणि पत्राची पोच घ्या.

राहायला गेल्यावरचा क्रम सोपा आहे आणि कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी पाळत नाही. आधी भोकं. पाइपाभोवती स्टीलचा काथ्या घट्ट कोंबून वरून सिमेंट किंवा एम-सील. नुसतं थर्माकोल, कापड किंवा फोम कोंबलं तर एका रात्रीत कुरतडून होतं. खिडक्यांना लोखंडी किंवा स्टीलची जाळी. डासांची नायलॉनची जाळी उंदराला अडवत नाही. मुख्य दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी. वॉशिंग मशीनला खालून जाळी, ती कंपनीकडे वेगळी मिळते आणि विकताना कुणी सांगत नाही. गॅसची साधी रबरी नळी असेल तर आजच बदला. आत तारेची वीण असलेली सुरक्षा नळी घ्या आणि पाच वर्षांनी तीही बदला. उंदरानं कुरतडलेली गॅसची नळी हा विनोदाचा विषय नाही. मग अन्न: धान्य पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यांत, रात्री ओटा कोरडा, कचऱ्याच्या डब्याला झाकण. कुत्र्या-मांजरांचं खाणं आणि देवापुढचा नैवेद्य हेही यात आलं.

एवढं झाल्यावर पिंजरा किंवा चाप. भजी, सुकट, खोबऱ्याचा तुकडा, घरात जे चालेल ते लावा, पण पहिले दोन-तीन दिवस पिंजरा नुसता उघडा ठेवा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. ओळख पटली की शिरतो. पकडलेला उंदीर पलीकडच्या सोसायटीच्या नाल्यात सोडून यायची आपल्याकडे पद्धत आहे. पलीकडचेही त्यांचे उंदीर आपल्या नाल्यात सोडतात.

विषाबद्दल मात्र सावध राहा. झिंक फॉस्फाइडची काळी पूड झटपट मारते, पण ती चाखून वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत; उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, बहुधा फॉल्स सीलिंगच्या आत, आणि मग आठवडाभर वास. तो उंदीर मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर त्यांच्या पोटातही ते जातं. ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. लहान मुलाच्या तोंडात गेली तर यकृत निकामी होतं आणि तिच्यावर उतारा नाही. धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या तर फक्त प्रशिक्षित माणसांनी, मोकळ्या जागेतल्या बिळात वापरायच्या आहेत. बंद फ्लॅटमध्ये त्या गोळ्या ठेवल्यामुळे भिंतीपलीकडे झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

चिकट गोंदाच्या पाट्या वापरू नयेत असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं सांगितलेलं आहे. त्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि पालीही अडकतात. आवाजानं उंदीर पळवणारी यंत्रं? २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना, दाव्यांना पुरावा द्या, अशी ताकीद दिली होती. ती आपल्याकडे अजून जोरात विकली जातात.

लेंड्या झाडूनं कोरड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, हातमोजे घाला, मग पुसा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात आणि पायाला साधी चीर असेल, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. उंदराच्या मुताचं पाणी आणि लेप्टोस्पायरोसिस हे नातं २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं पुरतं पाहिलेलं आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

शेवटची गोष्ट एकट्यानं होणारी नाही. तुम्ही तुमच्या फटी बुजवल्या की उंदीर शेजारच्यांकडे जातात. शेजारची जुनी चाळ पुनर्विकासासाठी पाडली की तिथले सगळे तुमच्याकडे येतात, कारण पाडण्याआधी उंदीर निर्मूलन करून घ्या असं बिल्डरला कुणी सुनावत नाही. डक्ट, बाहेरचे पाइप, ड्रेनेजची झाकणं, कंपाउंड ही सोसायटीची जबाबदारी आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पेस्ट कंट्रोलच्या पैशांनी ती पार पडत नाही. डक्टमध्ये कचरा टाकणाऱ्याला दंड, वर्षातून दोनदा डक्टची सफाई, प्रत्येक मजल्यावर पाइपाभोवतीची भोकं सोसायटीच्या खर्चानं बंद करणं, एवढे तीन ठराव पुरेसे आहेत. सप्टेंबरअखेरची वार्षिक सभा पार्किंगच्या भांडणात संपून गेली असेल. पुढच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेवर डक्ट पहिल्या क्रमांकावर घ्यायला सांगणारं पत्र याच आठवड्यात सेक्रेटरींकडे द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.